गेल्या पाच महिन्यांत खेळलेले व्हिडिओ गेम आणि त्यांनी घेतलेला वेळ

पिंपळपार (ठाणे) :

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी जे व्हिडिओ गेम खेळले, त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. मी ठाण्यात कोलशेतला राहते आणि नोकरीसाठी रोज ऐरोलीला जाते. लोकलचा प्रवास अवघ्या दोन स्थानकांचा आहे, परंतु घरापासून ठाणे स्टेशनपर्यंतची बस त्याहून कितीतरी जास्त वेळ घेते. संध्याकाळचा स्वयंपाक, लेकीचा अभ्यास आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची तयारी आटोपल्यावर माझ्या हाती रात्रीची साधारण ४० मिनिटे उरतात. ही ४० मिनिटे मी कोणाच्या स्वाधीन करते, याबाबत मी फार जपून असते. त्यामुळे चित्रे किती देखणी आहेत किंवा कथा किती मोठी आहे याआधी, हा खेळ माझ्याकडून घेतलेल्या वेळेचे काय करतो, हे मी पाहत गेले. पुढचे सगळे त्या दृष्टीने लिहिलेले आहे.

सर्वात जास्त गुंतले ते ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये. लुकास पोप यांनी जवळजवळ एकहाती केलेला हा खेळ २०१८ साली आला. १८०२ मध्ये लंडनहून पूर्वेकडे निघालेले ‘ओब्रा डिन’ नावाचे व्यापारी जहाज बेपत्ता होते आणि १८०७ मध्ये एकही जिवंत माणूस नसलेल्या अवस्थेत इंग्लंडच्या फॅल्मथ बंदराला लागते. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा निरीक्षक असतो. जहाजावरील ६० जणांपैकी प्रत्येकाचे नाव काय आणि त्याचे काय झाले, हे एका वहीत नोंदवायचे असते. हाती एक घड्याळ असते. मृतदेहापाशी ते उघडले की त्या माणसाच्या मृत्यूआधीचे काही क्षण ऐकू येतात आणि मग मृत्यूचा तो एकच क्षण थिजलेल्या चित्रासारखा आपल्याभोवती उभा राहतो. त्या थिजलेल्या क्षणात आपण हिंडायचे, दोर ओढणाऱ्याचे कपडे पाहायचे, कोण कोणाच्या शेजारी उभा आहे ते पाहायचे, एखाद्याच्या बोलण्याची ढब आठवायची आणि नावांची यादी पुन्हा उघडायची.

या खेळाची संपूर्ण दृश्ये केवळ दोन रंगांत, जुन्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्याची आठवण होईल अशा ठिपक्यांत आहेत. सुरुवातीला डोळ्यांना थोडा त्रास झाला, पण दुसऱ्या रात्रीपासून मला त्याचे मोल कळले, कारण रंग नसल्यामुळे नजर माणसांच्या आकृतीवर, हातातल्या वस्तूवर, टोपीच्या आकारावर खिळून राहते. नोंदीची तपासणीही फार विचाराने योजली आहे. एखादे उत्तर बरोबर आले की लगेच शाबासकी मिळत नाही. तीन जणांची नावे आणि त्यांची गत पूर्णपणे बरोबर लिहिली, तरच त्या तीन नोंदी छापील अक्षरांत पक्क्या होतात. त्यामुळे अंदाजपंचे उत्तरे भरून पुढे सरकणे कठीण होते आणि विचार करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

जहाजाच्या यादीत भारतीय खलाशीही आहेत. त्यांची नावे दिसल्यावर मी बराच वेळ थांबले. कंपनीच्या आणि इतर ब्रिटिश जहाजांवर ‘लष्कर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खलाशांत आपल्या कोकणातली माणसे पुष्कळ होती, आणि त्याच सुमारास, म्हणजे १८१७ मध्ये, मुंबईच्या वाडिया गोदीतून सागवानी लाकडाचे ‘त्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज पाण्यात उतरले, जे आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. परदेशी निर्मात्याने केलेल्या खेळात या खलाशांना नावे आहेत, चेहरे आहेत आणि प्रत्येकाच्या मृत्यूची नोंद इतरांइतक्याच काटेकोरपणे मागितली जाते, हे मला फार महत्त्वाचे वाटले.

वेळेच्या बाबतीत हा खेळ अत्यंत सभ्य आहे. तो कधीही घाई करत नाही. मी दिवसभर लोकलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, भाजी निवडताना त्या खलाशांचा विचार करत असे आणि रात्री बसले की २० मिनिटांत तीन नोंदी पक्क्या होत. खेळण्याचा बराचसा भाग संगणक बंद असताना घडत होता. आजमितीला माझ्या ४२ नोंदी पक्क्या झाल्या आहेत.

दुसरा खेळ ‘सेलेस्ट’. हाही २०१८ चा. मॅडलिन नावाची तरुणी एक पर्वत चढायला निघते. उडी मारणे, भिंतीला धरून चढणे आणि हवेत एकदा झेप घेणे एवढ्याच तीन गोष्टी तिला करता येतात, आणि एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर शेकडो लहान लहान कोडी रचलेली आहेत. पडले की त्याच पडद्याच्या सुरुवातीला, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, पुन्हा उभे. आयुष्यांची मोजणी नाही, मागे पाठवणे नाही. मी पहिल्या तीन टप्प्यांत ७०० पेक्षा जास्त वेळा पडले, पण एकदाही वेळ वाया गेला असे वाटले नाही, कारण प्रत्येक पडण्याची किंमत जेमतेम एक सेकंद होती आणि प्रत्येक पडण्यातून हाताला काहीतरी कळत होते. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणाचा एक अंश उडी मारायची मुभा खेळ गुपचूप देतो, हे निर्मात्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. खेळणाऱ्याला ते जाणवत नाही, फक्त आपले हात तयार होत आहेत असे वाटते.

मॅडलिनला मधूनच भीतीने धाप लागते. रोपवेच्या पाळण्यातून दरी ओलांडताना तो मध्येच अडकतो आणि तिचा सोबती तिला एक पीस डोळ्यांसमोर आणून श्वासाबरोबर वरखाली तरंगत ठेवायला सांगतो. तेथे आपणही बटण दाबून आणि सोडून ते पीस सांभाळायचे असते. माझ्या घरात अशा घाबरण्याचा अनुभव असलेले माणूस आहे. त्या दृश्यानंतर मी त्या रात्री पुढे खेळले नाही आणि त्या माणसाजवळ जाऊन बसले.

‘सेलेस्ट’मध्ये साहाय्याची एक सोय आहे. खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, हाताची ताकद न संपणारी करता येते, अगदी मरणच येणार नाही असेही करता येते. माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने ती सुरू केली आणि आपल्या लगोरी-लपाछपीतल्या लिंबूटिंबूची मला आठवण झाली. लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, ही आपली किती जुनी रीत आहे!

‘स्टारड्यू व्हॅली’ मी फोनवर खेळले. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चित्रे, संगीत, संवाद आणि आज्ञावली असे सगळे चार वर्षांहून अधिक काळ खपून तयार केले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. आजोबांनी ठेवलेली शेती, गावातली माणसे, २८ दिवसांचा एकेक ऋतू. खेळातला एक दिवस आपल्या घड्याळात सुमारे १४ मिनिटांचा असतो, आणि म्हणून घोडबंदर रस्त्यावर बस अडकली की माझे दोन दिवस पार पडत. येथे एक धोका मला दिसला, तो म्हणजे ‘आता एवढा एकच दिवस’ असे म्हणत रात्रीचा दीड वाजतो. दोन वेळा तसे झाल्यावर मी तो केवळ बसमध्ये खेळायचा असा नेम केला.

‘मिनी मेट्रो’बद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखी कथा नाही. पांढऱ्या नकाशावर वर्तुळ, त्रिकोण, चौकोन अशी स्थानके उगवतात, त्यांना जोडणाऱ्या रंगीत मार्गिका आपण बोटाने ओढायच्या आणि एखाद्या स्थानकावर गर्दी फार काळ साचली की डाव संपतो. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ज्या गावाला येऊन थांबली, त्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी खेळावा. ठाण्याचा पूल संध्याकाळी सात वाजता चढल्यानंतर ‘गर्दी साचणे’ म्हणजे काय हे वेगळे समजावून घ्यावे लागत नाही.

आपण सर्वांनी अलीकडे काय खेळलात आणि कसे वाटले, हे वाचायला आवडेल. कथेतील रहस्ये मात्र कृपया उघड करू नयेत.

उपवन (ठाणे) :

पिंपळपार, धागा मनापासून आवडला. ‘ओब्रा डिन’विषयी आपण जे लिहिले त्यात मला भर घालण्यासारखे काही नाही, पण लिंबूटिंबूच्या उपमेशी मी सहमत नाही. आपल्या गल्लीत लिंबूटिंबू असलेल्या मुलाला आपण लिंबूटिंबू आहोत हे पुरते ठाऊक असे. त्याला धप्पा मिळाला तरी कोणी मोजत नसे, आणि मी स्वतः मोठ्या चुलत भावंडांत कित्येक वर्षे तसा असल्यामुळे, त्या न मोजले जाण्याचे दुःख मला नीट आठवते. ‘सेलेस्ट’मध्ये नेमके ते होत नाही. साहाय्य घेऊन शिखर गाठले तरी तेच शिखर दिसते, तोच शेवट मिळतो आणि तीच माणसे आपल्याशी त्याच आदराने बोलतात. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांत संधिवात आहे. वेग ८० टक्क्यांवर आणून मी तो खेळ पूर्ण केला, आणि तो मी पूर्ण केला असे मी कोणालाही ठामपणे सांगतो.

पिंपळपार (ठाणे) :

उपवन, आपले म्हणणे मला पटले आणि मी ती उपमा मागे घेते. आपला प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिने आजवर ती सोय वापरल्याचे मैत्रिणींपासून लपवले होते, हे मला आज समजले. खेळात एका टप्प्याआधी पोस्टकार्ड दिसते आणि जितके जास्त पडलात तितके जास्त शिकलात, म्हणून पडण्याच्या आकड्याचा अभिमान बाळगा, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो. ते पोस्टकार्ड तिने स्वतःहून मला दाखवले.

सीवूड्स (नवी मुंबई) :

‘स्टारड्यू’ला आपण फार सौम्यपणे वागवले, असे मला वाटते. तो विश्रांतीचा खेळ म्हणून ओळखला जातो, पण मला त्यातून विश्रांती मिळाली नाही. सकाळी उठून पाणी घालणे, कोंबड्यांना दाणा, कोणाचा वाढदिवस विसरलो का ते पाहणे, ऋतू संपण्याआधी पीक हाती येईल की नाही याचे गणित मांडणे, आणि रात्री दोनच्या आत अंथरुणाला पाठ टेकली नाही तर जागच्या जागी कोसळणे. माझ्या कार्यालयीन दिवसाची ही दुसरी आवृत्ती होती. तिसऱ्या हिवाळ्यात मी तो सोडून दिला. तरीही जोजा कंपनीचे दुकान आणि गावाचे मोडकळीला आलेले सामुदायिक सभागृह यांतून एकाची निवड करायला लावणारा भाग मला मनापासून आवडला, कारण तेथे पैसे भरून काम लवकर उरकायचे की प्रत्येक ऋतूची वाट पाहत एकेक वस्तू जमवायची, हा प्रश्न खेळणाऱ्यालाच सोडवावा लागतो.

वेळेविषयीच बोलायचे तर ‘आउटर वाइल्ड्स’ खेळल्यावाचून राहू नका. २०१९ साली आलेला हा खेळ मोबियस डिजिटल या छोट्या संस्थेने केला, आणि त्याचे मूळ दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रकल्पात आहे. एक छोटीशी सूर्यमाला, लाकडी फळ्यांचे वाटावे असे एक यान, आणि २२ मिनिटे. २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि आपण पुन्हा सुरुवातीच्या शेकोटीपाशी जागे होतो. पुढच्या फेरीत सोबत काहीच येत नाही, ना शस्त्र, ना पैसा, ना वाढलेली ताकद. येते ते फक्त मागच्या फेरीत कळलेले. खेळाच्या पहिल्या मिनिटापासून शेवटापर्यंत जाता येते, अडथळा असतो तो फक्त आपल्या अज्ञानाचा. एखादा ग्रह आतून ढासळत असतो, एका ग्रहावरील वाळू जोडीच्या ग्रहावर ओतली जात असते आणि ही सगळी यंत्रणा आपण तेथे असू वा नसू, आपल्या वेळापत्रकाप्रमाणे चालूच राहते.

मी तो गेल्या वर्षी वडिलांच्या आजारपणात खेळलो. रुग्णालयातून नेरूळमार्गे घरी आलो की एक फेरी, म्हणजे २२ मिनिटे, एवढेच खेळत असे. दूर अवकाशात इतर प्रवासी आपापल्या ग्रहावर एकेक वाद्य वाजवत बसलेले असतात. यानातून उपकरण त्यांच्या दिशेने धरले की ते सूर ऐकू येतात आणि योग्य अंतरावर गेले की सगळ्यांची मिळून एकच धून होते. सूर्य फुटणार हे ठाऊक असताना ती ऐकत बसणे मला त्या दिवसांत फार आवश्यक होते. याहून जास्त लिहिले तर न खेळलेल्यांचे नुकसान होईल.

मासुंदा (ठाणे) :

वरील प्रतिसाद वाचून १९८९ चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आठवला. आम्ही तो नव्वदच्या दशकात नौपाड्यातील एका संगणक वर्गात, शिकवणी संपल्यानंतरच्या उरलेल्या वेळात खेळत असू. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. म्हणूनच तो धावताना त्याच्या शरीराला वजन आहे असे वाटते, थांबतानाही तो दोन पावले पुढे जातो. वेळ होती ६० मिनिटे. मेलो की त्या मजल्याच्या सुरुवातीला परत, पण घड्याळ मात्र मागे येत नसे. ५८ व्या मिनिटाला वजिरासमोर पोहोचण्याची ती धडधड मला आजही आठवते. पिंपळपार यांच्या कसोटीला तो खेळ अजिबात उतरणार नाही, कारण तो खेळणाऱ्याचा वेळ निर्दयपणे जाळतो. तरीही मी म्हणेन की ती निर्दयता प्रामाणिक होती. किती वेळ आहे हे तो पहिल्याच क्षणी सांगतो आणि शब्द पाळतो.

२०२४ च्या जानेवारीत आलेला ‘द लॉस्ट क्राउन’ मी मागच्या महिन्यात संपवला. त्यात राजपुत्र नायक नाही. सार्गोन नावाचा तरुण योद्धा काफ पर्वतावर पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधायला जातो. नकाशा प्रचंड आहे आणि वाटा एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण एक अतिशय उपयुक्त सोय त्यात आहे. एखाद्या ठिकाणी अडलो की तेथले दृश्य टिपून थेट नकाशावर डकवता येते, म्हणजे पंधरा दिवसांनी पुन्हा बसलो तरी आपण कोठे आणि कशामुळे अडलो होतो हे डोळ्यांसमोर राहते. नोकरी आणि घर सांभाळून खेळणाऱ्या माणसाचा इतका विचार केलेला मी क्वचितच पाहिला आहे. संवाद फारसी भाषेत ऐकण्याचीही सोय आहे. मी तो पूर्ण फारसीत खेळलो आणि मराठीत रुळलेले कितीतरी शब्द मधूनच कानावर पडत राहिले.

घणसोली_नाका (नवी मुंबई) :

चर्चा चांगली चालली आहे, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. ‘वेळेचा मान राखणे’ याचा अर्थ हळूहळू ‘थोडक्यात आटोपणे’ असा होऊ लागला आहे की काय, अशी शंका वरील प्रतिसाद वाचताना आली. मी गेले आठ महिने ‘विचर ३’ खेळतो आहे. तो २०१५ चा आहे, त्याला दोन मोठ्या पुरवण्या आहेत आणि माझे १४० तास झाले आहेत. त्यातील एकही तास मला परत नको. एका गावात बायको हरवलेल्या माणसाची तक्रार ऐकावी, जंगलात माग काढावा आणि शेवटी जे कळते ते त्याला सांगावे की नाही याचा निर्णय करता न आल्यामुळे मी घोडा तेथेच उभा करून दहा मिनिटे बसून राहावे, असे अनुभव दोन तासांच्या खेळात येऊ शकत नाहीत. त्या प्रदेशातील पायवाटा, पाऊस, खाणावळी यांची इतकी सवय झाल्यानंतरच तो निर्णय जड जातो. माझी सुट्टी रविवारची असते आणि तो दिवस मी आनंदाने देतो.

खरा शत्रू लांबी नसून खोळंबा आहे, असे माझे मत आहे. फोनवरच्या कितीतरी फुकट खेळांत पाच डाव झाले की ‘शक्ती संपली, आता चार तास थांबा किंवा पैसे भरा’ असे सांगितले जाते. तेथे वेळ हीच विक्रीची वस्तू झालेली असते. माझ्या पुतण्याने अशाच एका खेळासाठी पहाटे चारचा गजर लावला होता. तेव्हापासून घरात कोणाच्याही फोनवर नवा खेळ घेण्याआधी तो थांबायला लावतो का, हे मी स्वतः तपासतो.

पिंपळपार (ठाणे) :

घणसोली_नाका, लांबी आणि खोळंबा यांत आपण केलेला फरक मला नेमका वाटला. माझ्या मूळ लिखाणात तो राहून गेला होता. ‘ओब्रा डिन’ मला दोन महिने पुरला आहे आणि मला तो संपायला नको आहे, तेव्हा लांबीविषयी माझी तक्रार असू शकत नाही. आपल्या पुतण्यासारखाच अनुभव आमच्याकडेही आला. लेकीच्या फोनवरील एका खेळात रोज ठरावीक वेळी हजेरी लावली नाही तर साठवलेले बक्षीस जप्त होत असे, आणि आजीच्या श्राद्धाच्या दिवशी तिचे लक्ष त्या वेळेकडे लागून राहिले. मैदानी खेळात मुले ‘टाइमप्लीज’ म्हणून मूठ ओठांशी नेतात आणि सगळा डाव थांबतो. पाणी प्यायचे असेल, चपलेचा पट्टा तुटला असेल, घरून हाक आली असेल, तर थांबण्याचा हक्क सर्वांनाच असतो. जो खेळ हा हक्क देत नाही, तो आमच्या घरी यापुढे येणार नाही.

मासुंदा, ‘किती वेळ आहे हे तो पहिल्याच क्षणी सांगतो आणि शब्द पाळतो’ या आपल्या वाक्यावर मी अजून विचार करते आहे. माझ्या कसोटीत त्याला जागा करावी लागेल.

सानपाडा_पूर्व (नवी मुंबई) :

आपल्याकडच्या माणसांनी केलेल्या दोन खेळांचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहिते.

‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा, २०२० सालचा. डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेली राजी असुरांनी पळवलेल्या आपल्या लहान भावाला, गोलूला, शोधत निघते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. राजस्थानी किल्ल्यांचे सज्जे, भिंतींवरची चित्रे, मध्येच छायाबाहुल्यांतून उलगडणारे प्रसंग, हे सगळे अतिशय मन लावून केलेले आहे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन होते. मात्र लढाया एकसुरी आहेत, उडी कोठे पडणार याचा अंदाज ठरलेल्या कॅमेऱ्यामुळे अनेकदा चुकतो, आणि कथा अशा ठिकाणी तुटते की पुढचे पान फाटले आहे असे वाटावे. त्रिशूळ पहिल्यांदा हाती येतो तो क्षण मात्र माझ्या सासूबाईंनीही शेजारी बसून पाहिला, आणि ‘पुढे काय झालं गं पोरीचं?’ असे त्या दोन दिवस विचारत होत्या.

दुसरा ‘वेन्बा’. टोरँटोच्या विसाई गेम्सने २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. १९८० च्या दशकात कॅनडात जाऊन राहिलेले तमिळ जोडपे आणि त्यांचा तेथे वाढणारा मुलगा. संपूर्ण खेळ दीड-दोन तासांत संपतो. त्यातील बायकोला तिच्या आईने दिलेली पाककृतींची वही फाटलेली, डागाळलेली आहे, आणि पुसलेल्या ओळी आपण स्वतःच्या अकलेने भरायच्या. पहिलेच कोडे इडलीचे आहे. साच्याच्या ताटल्या एकमेकींवर कशा बसवाव्यात म्हणजे वाफ सगळीकडे पोहोचेल, हे ओळखायचे. मी २५ वर्षे इडलीपात्र वापरते आहे, मला विचार करावा लागला नाही. माझा हात आपोआप ताटली फिरवायला गेला. आजवर कोणत्याही खेळात मला आधीपासून येणारी गोष्ट उपयोगी पडली नव्हती. हातात कंट्रोलर धरून माझे डोळे भरून आले.

पुढे मुलगा आईशी तमिळमध्ये बोलायला संकोचतो, तिचा डबा शाळेत न्यायला नको म्हणतो, आणि मोठेपणी ती वही उघडतो तेव्हा त्याला तमिळ धड वाचता येत नाही. माझा मुलगा चार वर्षांपासून परदेशात आहे. त्याने मागच्या महिन्यात आमटीची कृती विचारली तेव्हा ‘अंदाजाने गोडा मसाला घाल’ एवढेच मी सांगितले होते. हा खेळ संपल्यानंतर मी बसून सगळे चमच्यांच्या मापात लिहून काढले आणि त्याला पाठवले.

उपवन (ठाणे) :

सानपाडा_पूर्व, आपला प्रतिसाद वाचून ‘वेन्बा’ आजच घेतला. ‘राजी’विषयी एक भर घालतो. २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तीत हिंदी आवाज आहेत. इंग्रजीपेक्षा त्या आवाजांत तो अधिक सच्चा वाटतो. मराठी आवाज असते तर, ही हळहळ राहतेच, विशेषतः तो पुण्यात तयार झालेला असल्यामुळे.

पिंपळपार (ठाणे) :

सर्वांचे आभार. या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या, त्या येथे नोंदवते.

लेकीला ‘बाबा इज यू’ आणून दिला. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांचा हा खेळ २०१९ चा आहे. पडद्यावर शब्दांचे ठोकळे असतात आणि ते ढकलून वाक्ये जुळवली की खेळाचे नियमच बदलतात. ‘भिंत’ आणि ‘थांबवते’ हे शब्द वेगळे केले की भिंतीतून चालत जाता येते. ती वहीत मराठी शब्दांचे कागदी तुकडे करून तसाच खेळ रचू पाहते आहे, आणि दुसऱ्याच दिवशी तिला एक अडचण सापडली. इंग्रजीत ‘इज’ मध्ये बसतो, म्हणून शब्द डावीउजवीकडे सहज अदलाबदल होतात. मराठीत ‘आहे’ शेवटी येतो, त्यामुळे कोणता शब्द कर्ता आणि कोणता विधेय हे जागेवरून ओळखता येत नाही. तिने ‘म्हणजे’ हा शब्द मध्ये घालून पाहिला : ‘भिंत म्हणजे दार’. जमले! दोन तास आम्ही जेवणाच्या टेबलावर तुकडे सरकवत होतो आणि त्या दोन तासांचा हिशेब मी ठेवला नाही.

‘ओब्रा डिन’मध्ये मी नऊ दिवस एकाच माणसापाशी अडले होते. वहीतील त्याचा चेहरा स्पष्ट झालेला आहे, याचा अर्थ त्याला ओळखण्यापुरते पुरावे माझ्या हाती आले आहेत. तरी नाव सापडत नव्हते. काल संध्याकाळी ऐरोलीहून परतताना दारापाशी उभी होते, दिघा गाव आल्यावर एक जण उतरायला पुढे सरकला आणि माझी नजर सहज त्याच्या पायांकडे गेली. घरी आल्यावर स्वयंपाकाआधीच संगणक उघडला, त्या दृश्यात गेले आणि त्या खलाशाचे पाय पाहिले. तीन नोंदी पक्क्या झाल्या. आता ४५ झाल्या आहेत, १५ उरल्या आहेत. ज्यांनी हा खेळ पूर्ण केला आहे, त्यांना विनंती आहे की त्या पंधरा जणांविषयी मला एक अक्षरही सांगू नये.